मुक्त आज्ञावली, पण अटी कोणाच्या?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या जीवनाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना ‘दोन ठिकाणची उचल’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पावसाने दगा दिला, घरात लग्न निघाले किंवा दुखणे आले, की एका मुकादमाची उचल पुरत नाही आणि मजूर दुसऱ्याकडूनही रक्कम घेतो. दोन्ही करार वेगवेगळे पाहिले तर पाळता येण्याजोगे असतात. परंतु कोयता एकच, म्हणजे नवरा-बायकोची जोडी एकच, आणि हंगामही एकच. एक टोळी कोल्हापूरच्या बाजूला निघते, दुसरी कर्नाटकात. दोन्ही शब्द एकाच वेळी पाळणे अशक्य होते, आणि त्यानंतरचे प्रकरण अनेकदा पोलीस ठाण्यापर्यंत जाते.

संगणकाच्या आज्ञावल्यांच्या, म्हणजे ज्यांना आता सर्रास सॉफ्टवेअर म्हणतात त्यांच्या, क्षेत्रात अशाच बांधणीचा एक पेच गेली तीन दशके वाढत आला आहे. ‘मुक्त’ म्हणून मिळणाऱ्या दोन आज्ञावल्यांचे भाग घेऊन तिसरी रचली, आणि त्या दोहोंच्या परवान्यांतील अटी एकमेकींना छेदणाऱ्या निघाल्या, तर तयार झालेली वस्तू कायद्याने कोणालाही देता येत नाही. दोन्ही भाग विनामूल्य मिळालेले, दोन्ही कर्त्यांनी ते खुल्या मनाने दिलेले. तरीही त्यांचा संयोग वाटता येत नाही. प्रथमदर्शनी हा विषय वकिलांचा आणि तंत्रज्ञांचा वाटेल. तो तेवढ्यापुरता राहिलेला नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी शेतकऱ्याच्या मोबाइलवरून होते. पीक विम्यात नुकसानीची सूचना 72 तासांत देण्याची अट असते आणि त्याचा एक मार्ग मोबाइलच आहे. कष्टकऱ्याच्या हक्काची नोंद वहीतून यंत्रात गेली आहे. वहीची पाने निदान उलटून पाहता येत असत. यंत्रातील वही बेरीज-वजाबाकी कशी करते ते पाहण्याचा अधिकार मात्र परवान्यात लिहिलेला असतो, किंवा नसतो.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा निकाल लावणे आवश्यक आहे. इंटरनेटवर जे मोकळे पडले आहे ते सर्वांचे, असे आपल्याकडे सुशिक्षित तरुणही मानतात. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1984 च्या दुरुस्तीने संगणकीय आज्ञावलीला साहित्यकृतीचा दर्जा दिला. त्यामुळे ज्या आज्ञावलीसोबत कोणताही परवाना लिहिलेला नाही, ती मुक्त नसते. ती सर्वस्वी कर्त्याच्या मालकीची असते. मुक्तता ही परवान्याने निर्माण होते. म्हणजेच, ज्या कायद्याने बौद्धिक मालमत्तेची कुंपणे घातली, त्याच कायद्याच्या आधाराने कोणीतरी कुंपणाचे दार उघडे ठेवलेले असते आणि ते कसे उघडे राहावे याच्या अटीही घातलेल्या असतात.

ह्या अटींचा पहिला मोठा शिल्पकार अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन. 1983 मध्ये त्याने ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि 1989 मध्ये ‘जनरल पब्लिक लायसन्स’, म्हणजे जीपीएल, हा परवाना सिद्ध केला. त्याची दुसरी आवृत्ती 1991 ची, तिसरी 2007 ची. ह्या परवान्याचे मर्म अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर असे: सामायिक संपत्ती कोणीही वापरावी, सुधारावी, विकावीही, परंतु सुधारलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना तिची मूळ संहिता त्याला उपलब्ध करून दिली पाहिजे आणि त्यालाही तेच अधिकार मिळाले पाहिजेत. गायरान सर्वांनी चारावे, पण त्याचा तुकडा आपल्या सातबाऱ्यावर चढवू नये, असा हा नियम आहे. दुसरीकडे, बर्कलेच्या विद्यापीठातून निघालेली परंपरा अधिक सैल आहे. तिच्या परवान्यानुसार घेणाऱ्याने कर्त्याचे नाव व परवान्याचा मजकूर सांभाळला की पुरे. पुढे ती संहिता बंद करून तिचा माल विकला तरी हरकत नाही. मोठ्या कंपन्यांना ही दुसरी परंपरा का रुचते, हे समाजवादी वाचकाला वेगळे सांगायला नको. फुकटचा कच्चा माल कोणत्या कारखानदाराला नको असतो?

सैल परंपरेतही पेच होतेच. बर्कलेच्या जुन्या परवान्यात, जाहिरातीत विद्यापीठाचा उल्लेख करावा, अशी एक निरुपद्रवी वाटणारी अट होती. प्रत्येक नव्या कर्त्याने त्या जागी आपले नाव घातले. 1997 मधील ‘नेटबीएसडी’च्या एका आवृत्तीत अशी 75 वाक्ये स्टॉलमनने मोजली. जाहिरात एका वाक्याची आणि ऋणनिर्देश पाऊणशे! लग्नपत्रिकेत गावातील सगळ्या पुढाऱ्यांची नावे घालण्याचा प्रकार बीडच्या वाचकाला चांगला ठाऊक आहे. ही अट जीपीएलशीही जुळत नव्हती, कारण जीपीएल आपल्या अटींवर नवी अट चढवू देत नाही. 1999 मध्ये विद्यापीठाने ती मागे घेतली.

संघर्षाची खरी जागा हीच आहे. संहिता पुढे त्याच परवान्याखाली राहिली पाहिजे, असे म्हणणारे दोन परवाने समोरासमोर आले की प्रत्येक जण संपूर्ण वस्तू आपल्याच नियमाखाली मागतो. सन कंपनीने 2005 मध्ये आपली ‘झेडएफएस’ ही साठवणप्रणाली सीडीडीएल नावाच्या परवान्याखाली खुली केली. लिनक्सचा गाभा जीपीएलच्या दुसऱ्या, आणि केवळ दुसऱ्याच, आवृत्तीखाली आहे. दोन्ही मुक्त, दोन्ही उत्तम. तरीही 2016 मध्ये उबुंटूच्या वितरकांनी त्या एकत्र दिल्या, तेव्हा सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी ह्या संस्थेने हा परवानाभंग असल्याचे जाहीरपणे म्हटले. इतकेच काय, जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीपुरता मर्यादित असलेला भाग आणि त्याच परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीचा भाग एकत्र करता येत नाहीत. एकाच ध्येयाच्या दोन पक्षांनी घटनेतील एका कलमावरून वेगळ्या चुली मांडाव्यात, याचे नवल निदान ह्या साप्ताहिकाच्या वाचकांना वाटू नये. परंतु ध्येयनिष्ठांच्या ह्या काटेकोरपणाची किंमत शेवटी लहान माणूस मोजतो, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. बड्या कंपनीकडे वकिलांचा ताफा असतो. तालुक्याच्या गावी आज्ञावली लिहिणाऱ्या मुलाकडे नसतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात ह्या प्रश्नाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण पुण्यात घडले आणि ते अक्षरांचे आहे. अंबाजोगाईला परंपरेने आद्यकवी मुकुंदराजांची समाधी मानतात. त्याच गावी दासोपंतांनी कापडाच्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिले. त्या शब्दांवर आज कोणाचाही परवाना चालत नाही. परंतु तेच शब्द संगणकाच्या पडद्यावर ज्या अक्षरांत उमटतात, त्या अक्षरांच्या फाँटवर चालतो. फाँट ही केवळ चित्रांची पेटी नव्हे. कोणत्या व्यंजनापुढे कोणते आले असता जोडाक्षर कसे घडावे, रफार कोठे बसावा, याचे नियम तिच्यात लिहिलेले असतात. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोलगट जागा. हिंदीपुरत्या घडविलेल्या फाँटला हा भेद समजेलच असे नाही. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हेही हिंदीहून वेगळे. अशा चुका दुरुस्त करायच्या तर फाँट उघडून बदलण्याचा अधिकार हवा.

पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीने घडविलेले फाँट रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ ह्या नावाने जीपीएलखाली खुले केले. लोहित म्हणजे तांबडा. नाव कंपनीच्या टोपीवरून आले असले तरी ह्या पानाच्या वाचकांना ते परके वाटणार नाही. भारतीय भाषांसाठी हे मोठे काम होते आणि मराठीचा लोहित त्यात वेगळा होता. परंतु जीपीएल हा परवाना आज्ञावल्यांसाठी लिहिलेला. पत्रक तयार करून त्याची पीडीएफ केली की फाँटचा अंश त्या पत्रकात जाऊन बसतो. मग ते पत्रकही जीपीएलच्या कक्षेत आले काय? हा प्रश्न इतका खरा होता, की जीपीएलखाली फाँट देणाऱ्यांसाठी स्टॉलमनच्या संस्थेला एक स्वतंत्र अपवादाचे कलम सुचवावे लागले.

दरम्यान फाँटसाठीच रचलेला ‘ओपन फाँट लायसन्स’ हा परवाना पुढे आला. त्याची आज रूढ असलेली आवृत्ती 2007 ची. फाँट कोणत्याही दस्तऐवजात वापरा, दस्तऐवज तुमचाच राहील. फाँट बदला, पण बदललेला फाँट ह्याच परवान्याखाली द्या. आणि नुसता फाँट सुटा विकू नका, असे त्याचे म्हणणे. जगातील मुक्त फाँट मोठ्या संख्येने ह्या परवान्याखाली येऊ लागले. मुंबईच्या एक टाइप संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हेही त्यांतलेच. परिणाम असा झाला, की जीपीएलखालील फाँटमधील अक्षरे आणि ओपन फाँट लायसन्सखालील फाँटमधील अक्षरे एका फाँटमध्ये घालता येईनात. देवनागरी एका मुक्त फाँटची, रोमन दुसऱ्या मुक्त फाँटची, आणि दोघांचा एक संसार मात्र बेकायदा. सप्टेंबर 2011 मध्ये लोहितचा परवाना बदलून तो ओपन फाँट लायसन्सखाली आणण्यात आला आणि त्या बाजूचा अडसर दूर झाला. ‘ग्नू फ्रीफाँट’ आजही जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे. त्यामुळे त्यातील रोमन अक्षरे उचलून लोहितमध्ये कालवता येणार नाहीत. एकाच पत्रकात मथळा एका फाँटमध्ये आणि मजकूर दुसऱ्यात छापण्यास मात्र कसलीही आडकाठी नाही. शेजारी ठेवणे वेगळे आणि कालवणे वेगळे. हा भेद ध्यानात आला, की ह्या विषयातील निम्मी भीती जाते.

लोहितमागे एक कंपनी उभी होती म्हणून परवाना बदलणे सुकर झाले. जेथे कर्ते विखुरलेले असतात तेथे काय होते, हे ‘व्हीएलसी’ ह्या चित्रफिती दाखविणाऱ्या आज्ञावलीने दाखविले. जीपीएलच्या अटी आणि ॲपलच्या दुकानाचे नियम जुळत नसल्याने जानेवारी 2011 मध्ये ती तेथून निघाली. पुढे तिच्या गाभ्याचा परवाना सैल करण्यासाठी कार्यकर्त्यांनी शेकडो सहभागी लेखकांचा शोध घेऊन त्यांची एकेकाची संमती मिळविली. वर्षानुवर्षांपूर्वी चार ओळी देऊन गेलेला माणूसही त्या चार ओळींचा मालक असतो.

अटी मोडल्या तर काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी पॅरिसचा निकाल आहे. फ्रान्स सरकारच्या नागरिक-सेवा संकेतस्थळाचे काम ऑरेंज ह्या दूरसंचार कंपनीकडे होते. तिने त्यात आंत्रूव्हेर ह्या लहानशा संस्थेची ‘लासो’ नावाची, जीपीएलखालील संहिता वापरली, पण जीपीएलच्या अटी पाळल्या नाहीत. 2011 मध्ये सुरू झालेला हा वाद 14 फेब्रुवारी 2024 रोजी पॅरिसच्या अपील न्यायालयात लहान संस्थेच्या बाजूने लागला आणि ऑरेंजवर एकूण 8 लाख युरोंची भरपाई बसली. तेरा वर्षे लागली, हे खरे. तरीही लक्षात घेण्याची गोष्ट ही, की ते काम सरकारी होते आणि पैसा जनतेचा होता.

आता हा प्रश्न जिल्ह्याच्या मातीत आणून पाहावा. समजा, धारूर किंवा वडवणी तालुक्यातील काही तरुणांनी ऊसतोड मजुरांसाठी एक मोबाइल ॲप रचले. उचल किती घेतली, कोणत्या दिवशी किती टन तोड झाली, मुकादमाचे कमिशन किती, फिटले किती, उरले किती, हा हिशेब जोडीच्या स्वतःच्या हाती राहावा असा त्याचा हेतू. मुकादमाच्या वहीपुढे मजुराची वही उभी करण्याची ही कल्पना कोणाही कार्यकर्त्याला प्रिय वाटेल. हे तरुण सगळे शून्यातून लिहिणार नाहीत, लिहूही नये. हिशेबाचा भाग जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखालील एखाद्या आज्ञावलीतून येईल, माहिती पाठविण्याचा भाग अपाचेच्या 2004 च्या परवान्याखालील. फडाचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, ज्याचा विदा 2012 पासून आणखी वेगळ्या परवान्याखाली आहे. चित्रे ‘व्यापारी उपयोग नको’ अशा अटीची.

जोवर हे ॲप संघटनेच्या कचेरीतील एका यंत्रावर संघटनाच वापरते, तोवर जीपीएल कोणतीच अट घालत नाही. मजुरांच्या मोबाइलवर त्याच्या प्रती जाऊ लागल्या, की अटी जाग्या होतात. अपाचेच्या परवान्यात पेटंटविषयी जी कलमे आहेत ती जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीला मान्य नाहीत. तिसरीला मान्य आहेत. म्हणून सारा निर्णय हिशेबाच्या भागावरील एका वाक्प्रयोगावर येऊन ठेपतो: त्याच्या कर्त्याने ‘दुसरी आवृत्ती किंवा त्यानंतरची कोणतीही’ असे लिहिले आहे, की फक्त ‘दुसरी’? पहिले असेल तर संपूर्ण ॲप तिसऱ्या आवृत्तीखाली देऊन पेच सुटतो. दुसरे असेल तर एक भाग काढून दुसरा शोधावा लागतो, आणि हे काम आरंभी एका दुपारचे असले तरी दोन हंगामांनंतर अशक्यप्राय होते. चित्रे बदलावीच लागतील, कारण साखर कारखान्याने ॲप स्वीकारले की तो व्यापारी उपयोग ठरतो. नकाशाबाबत श्रेयनिर्देश पुरेल. मात्र त्याच्या विद्यात स्वतःची भर घालून ती प्रसिद्ध केली, तर ती भरही खुली ठेवावी लागेल.

ह्यासाठी फार मोठी विद्वत्ता लागत नाही. जमिनीचा जसा सातबारा असतो तसा संहितेचाही एक उतारा पहिल्या दिवसापासून ठेवावा: कोणता भाग, कोणाकडून, कोणत्या तारखेला, कोणत्या परवान्याखाली घेतला. प्रत्येक सहभागी विद्यार्थ्याची लेखी संमती त्याला जोडावी. अभियांत्रिकीचे शिक्षण संपवून तो पुण्याला नोकरीला गेल्यावर त्याला शोधीत हिंडण्यापेक्षा हे सोपे. आणि परवाना निवडताना सैलपणाचा मोह टाळावा. मजुरांच्या वर्गणीतून उभे राहिलेले काम एखाद्या वित्तकंपनीने उचलून, बंद करून, त्याच मजुरांना उचल देण्यासाठी वापरावे, अशी सोय चळवळीने स्वतःच्या हाताने का करून द्यावी? जेथे आज्ञावली दूरच्या यंत्रावर चालते आणि लोक ती नुसती वापरतात, तेथे 2007 मधील ‘अफेरो’ जीपीएल हा परवाना योग्य, कारण त्यात वापरणाऱ्यालाही मूळ संहिता मागता येते. उचलीची उपमा येथे संपते, हेही नोंदवावे. उचल मजुराला भांडवलाशी जखडते. जीपीएलसारखी अट भांडवलाला सामायिक श्रमाशी बांधते. अट दिसली की ती जुलमीच, असे मानणाऱ्यांनी हा फरक विसरू नये.

शासनाचे उत्तरदायित्व ह्याहून मोठे आहे. केंद्र सरकारने 2015 मध्ये मुक्त आज्ञावल्या स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. शासकीय आज्ञावल्यांची मूळ संहिता खुली करण्याचेही धोरण त्याच वर्षीचे. कागदावर ही दोन्ही धोरणे स्वागतार्ह आहेत. बीड जिल्ह्याने तर पीक विम्यात एक सूत्रच देशाला दिले. 2020 च्या खरिपात भारतीय कृषी विमा कंपनीमार्फत येथे जो ‘बीड पॅटर्न’ लागू झाला, त्यात नुकसानभरपाई विमा हप्त्याच्या 110 टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्य शासनाने घ्यावयाचा, आणि ती फार कमी निघाली तर कंपनीने 20 टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून उरलेली शासनास परत करावयाची, असे ठरले. सूत्र सर्वांना कळले. परंतु त्या सूत्रात जे आकडे भरले जातात ते ज्या आज्ञावल्यांतून येतात, त्यांची मूळ संहिता कोणाच्या मालकीची व कोणत्या परवान्याखाली, हा प्रश्न ग्रामसभेत कितीदा विचारला गेला?

तो विचारण्याचे साधन 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने दिलेले आहे. पण त्यातही एक खाच आहे. ह्या कायद्याच्या कलम 9 नुसार, शासनाखेरीज अन्य व्यक्तीच्या कॉपीराइटचा भंग होत असेल तर माहिती नाकारता येते. म्हणजे शासकीय आज्ञावलीत कंत्राटदाराची खासगी संहिता कालवलेली असली, तर संपूर्ण संहिताच नागरिकाच्या नजरेआड जाऊ शकते. परस्परविरोधी परवान्यांच्या मिश्रणाचा हा सर्वांत घातक परिणाम होय, आणि त्यावरील उपाय निविदेच्या वेळीच करावा लागतो. पैसा सार्वजनिक असेल तेथे संहितेचा हक्क शासनाकडे यावा, तिच्यातील प्रत्येक उसन्या भागाचा परवाना यादीत नोंदलेला असावा, आणि त्या परवान्यांशी जुळणाऱ्या एकाच मुक्त परवान्याखाली ती प्रसिद्ध व्हावी, अशी अट निविदेत असलीच पाहिजे.

तोवर प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी पीक पाहणी, पीक विमा आणि ऊसतोड मजूर नोंदणी ह्या तिन्ही कामांत वापरल्या जाणाऱ्या आज्ञावल्यांबाबत रीतसर अर्ज करून करारनामा, संहितेच्या मालकीचे कलम आणि परवान्यांची यादी मागवावी. कलम 9 दाखवून नकार आला तर तो लेखी घ्यावा, आणि पुढील निविदा निघेल त्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवावा.